'जाने भी दो यारों'ला नुसती कॉमेडी म्हणून आपण स्वस्तात काढलं का?

मधली_सुट्टी

ऑक्टोबर २०२५ मध्ये सतीश शहा, म्हणजे या सिनेमातला कमिशनर डिमेलो, गेले तेव्हा सगळ्या ग्रुपवर एकच क्लिप फिरत होती, डिमेलोच्या प्रेताला द्रौपदी करून नाटकात उभं करतात ती महाभारतवाली. जो तो तीच टाकत होता आणि खाली हसून लोळणारे चेहरे. क्लिप भारीच आहे, त्यात वाद नाही. पण त्यानंतर मी पूर्ण सिनेमा परत लावला आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

सिनेमा लागला १२ ऑगस्ट १९८३ ला. एनएफडीसीचा, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाचा पैसा, सगळं मिळून साधारण सात लाखांत उरकलेलं. कुंदन शहाचा पहिलाच सिनेमा. थेटरात काही फार चालला नाही. कौतुक झालं ते कसं झालं बघा: राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार, आणि फिल्मफेअरचं विनोदी भूमिकेचं बक्षीस रवी बासवानीला. म्हणजे एकाने म्हटलं पोरगा होतकरू आहे, दुसऱ्याने म्हटलं गंमत चांगली करतात. त्याच वर्षी 'अर्धसत्य' आला. तेच शहर, तीच सडलेली यंत्रणा, ओम पुरी आणि नसीर दोन्हीकडे. त्याला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट, ओम पुरीला राष्ट्रीय पुरस्कार. 'अर्धसत्य'ला मिळालं ते रास्तच मिळालं. पण तोच राग हसत हसत मांडला की त्याला विनोदाच्या रांगेत उभं करायचं, हे मला पटत नाही.

आणि नंतर जो डोक्यावर घेतला तोही 'कल्ट कॉमेडी' म्हणूनच. शेवट किती जणांना आठवतो? पूल पडतो, माणसं मरतात, बिल्डर, नवा कमिशनर आणि संपादिका सगळे एक होतात आणि दोन गरीब फोटोग्राफर कैद्याच्या कपड्यात रस्त्यावर. मागे 'हम होंगे कामयाब' आणि ते दोघं आपल्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवतात. ही कॉमेडी आहे? माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्यात संतापलेल्या सिनेमांपैकी हा एक आहे आणि तेव्हाच्या समीक्षकांनी आणि आताच्या चाहत्यांनी, दोघांनीही तो हलक्यात घेतला. तुमचं काय मत?

पोपटराव_७७

डिमेलोसारखं थोडा खाओ थोडा फेंको म्हणत हजेरी लावून जातो. रात्री निवांत लिहितो.

गिरगावची_मावशी

मधली_सुट्टी, तळमळ पोचली पण मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे. कॉमेडी म्हटलं की कमी लेखलं असं का धरून चालता तुम्ही? हसवणं हे रडवण्यापेक्षा खालच्या दर्जाचं, हे आधी तुमच्याच मनात बसलंय असं वाटतं.

आम्ही 'विच्छा माझी पुरी करा' बघून मोठे झालो. वसंत सबनीसांचं लिहिणं, दादा कोंडक्यांचा हवालदार, कोतवाल काय, राजा काय, प्रधान काय, सगळ्यांची सालं काढलेली आणि थेटर हसून हसून बेजार. तिथून बाहेर पडताना कुणी म्हणालं नाही की हे नुसतं हसण्यावारी गेलं. लोकांना बरोबर कळतं कुणाला चिमटा बसलाय ते. पौराणिक पात्रांच्या तोंडी आजची भाषा घालायची हे तर आपल्या गवळणीत किती जुनं आहे, पेंद्या आणि मावशी दुसरं काय करतात? म्हणून मला त्या महाभारताच्या प्रवेशात परकं काहीच वाटलं नाही. ओम पुरी काळा चष्मा लावून भीम होऊन घुसतो आणि द्रौपदीत आपलीही भागीदारी आहे म्हणून भांडतो, तो प्रेताचा सौदा आहे हो. खुर्चीवर असताना ज्याला दोन्ही बिल्डरांनी पैसे चारले त्याची मेल्यावरही ओढाताण चाललीये आणि अख्खा दरबार बघतोय. राग आणखी वेगळा कुठे शोधायचा?

आणि एक, सगळे सतीश शहा, नसीर, पंकज कपूर करतात. आमच्या भक्ती बर्वेचं नाव कुणी काढत नाही. 'ती फुलराणी'तली मंजुळा जिने बघितलीय, दूरदर्शनवर बातम्या देताना जिने ती बघितलीय, तिलाच कळेल की संपादिका शोभा सेन करताना ती काय करतेय. बातम्या देणारा तोच स्वच्छ, ठाम आवाज आणि त्या आवाजात ब्लॅकमेल. खरं बोलणाऱ्या बाईचा आवाज लावून ती खोटं बोलते आणि पोरं फसतात, आपणही फसतो.

अंधेरी_फास्ट

मावशी +१. भक्ती बर्वेंबद्दल तर +१००.

नागपुरी_संत्रं

मी जरा वेगळं बोलतो, शिव्या बसल्या तरी चालतील. तेव्हाच्या समीक्षकांची बाजू घेणारं कोणीतरी पाहिजे ना बे.

सिनेमा विस्कळीत आहे. पहिला अर्धा तास स्टुडिओ 'ब्यूटी' उघडतोय, गिऱ्हाईक येत नाही, समोर दुसरा फोटोग्राफर, त्यात गोष्ट हलतच नाही. मग खून, मग प्रेत, मग प्रेताची पळवापळवी. मधे ती फोनची गंमत, नसीर आणि सतीश कौशिक एकाच खोलीत पाठीला पाठ लावून एकमेकांशी फोनवर बोलतात. मजा येते, पण तो तुकडा काढला तर कथेचं काय बिघडतं? काहीच नाही. बागेचं नाव अंतोनियोनी पार्क, कारण फोटो मोठा करून खून सापडायची कल्पना अंतोनियोनीच्या 'ब्लो-अप' सिनेमातली. परवलीचं वाक्य काय तर 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यूं आता है', तेही सईद मिर्झाच्या सिनेमाचं नाव. हिरोंची नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा, म्हणजे आपल्याच दोस्तांची. दोस्तांनी दोस्तांसाठी केलेले जोक आहेत हे. १९८३ साली तिकीट काढून आलेल्या माणसाला यातलं काय कळावं? आणि 'अर्धसत्य' त्याला कळला कारण त्यात काही लपवलेलं नव्हतं. पोलिस, गुंड, बाप, प्रेयसी, सगळं समोर. त्या सिनेमाला जे मिळालं ते पटकथेमुळे मिळालं, तेंडुलकरांनी लिहिलाय तो. गंभीर चेहऱ्यामुळे मिळालं म्हणणं हे तेंडुलकरांवर अन्याय आहे.

रीळवाला

संत्र्या, दोस्तांचे जोक हे खरं. पण ते दोस्त कोण होते ते बघ की. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची मंडळी: कुंदन शहा, एडिटिंगला रेणू सलुजा, कॅमेऱ्याला बिनोद प्रधान, शिवाय विधू विनोद चोप्रा, जो महाभारतात दुःशासन म्हणून घुसवलाय. दिल्लीच्या एनएसडीतून, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून नसीर, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश कौशिक, आणि संवाद लिहिणारा रणजित कपूर. इतकी माणसं सात लाखांत एकत्र आली ती दोस्ती होती म्हणूनच, नाहीतर एवढ्या पैशात यांची जेवणंसुद्धा निघाली नसती. पंकज कपूर तेव्हा तिशीचासुद्धा नव्हता आणि तो तरनेजा बघ, पन्नाशीचा मुरलेला बिल्डर वाटतो, आवाज एकदाही चढवत नाही.

विस्कळीत म्हणतोस त्यावर मात्र माझं उलट मत. दारू प्यायलेला दुसरा बिल्डर आहुजा रस्त्यात शवपेटीला धडकतो तो सीन परत बघ. त्याला वाटतं की कुणाची तरी गाडी बंद पडलीये. आत डिमेलो बसलेला, अर्थात मेलेला. आहुजा त्याच्याशी गप्पा मारतो, मदत करू म्हणतो, स्टेपनी आहे का विचारतो, उत्तर येत नाही म्हणून चिडतो, परत समजूत काढतो. केवढा मोठा सीन आहे आणि एकटा ओम पुरी. कॅमेरा घाई करत नाही, कट मोजकेच. रेणू सलुजाने तो तिथे तेवढा लांब ठेवला यात तिचं धाडस आहे. कथा पुढे सरकत नाही म्हणून कापला असता तर काय उरलं असतं? बिल्डरला जिवंत कमिशनर आणि मेलेला कमिशनर यांत फरक कळत नाही, हे त्याशिवाय कुठे दिसलं असतं?

स्थापत्य_नाना

पालिकांच्या आणि खाजगी कामांवर साइट इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त. तुम्ही लोक पटकथेवर बोलताय, मी काँक्रीटवर बोलतो.

पुलाच्या कामात काँक्रीट ओतताना पंधरा सेंटीमीटरचे ठोकळे भरून ठेवतात, त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी ते मशीनखाली दाबून फोडायचे, किती भार घेतला ते रजिस्टरात लिहायचं. ओतलेल्या मालातलेच क्यूब भरायचे हा नियम. एका कामावर मी नवा असताना बघितलं, क्यूबसाठी वेगळा माल कालवायचे. एका घमेल्यात सिमेंट जास्त, पाणी मापात, बारा वाजता साहेब यायच्या आधी साचे भरून तयार. पुलात जायचं ते निराळंच. मी मुकादमाला विचारलं तर म्हणाला, साहेब, क्यूब पास होतो ना, मग पूल आपोआप पास. रजिस्टर बघाल तर एक आकडा खोटा नव्हता, फोडलेला क्यूब खरोखर तेवढा भार घ्यायचा.

म्हणून मला हा सिनेमा अतिशयोक्ती कधी वाटलाच नाही. लोक म्हणतात उपहास, विडंबन. मी म्हणतो साइट रिपोर्ट. काळही आठवा, जानेवारी १९८२ ला अंतुल्यांना सिमेंटच्या प्रकरणातच मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं होतं. सिमेंटवर कंट्रोल होता, परवान्यावर मिळायचं, आमच्या तोंडी दिवसभर तोच विषय. अशा वेळी बिल्डर आणि कमिशनरची जोडी पडद्यावर आली तर मुंबईकराला समजावून सांगायची गरज नव्हती. दिल्ली-कलकत्त्याच्या समीक्षकाला ती निव्वळ कल्पना वाटली असेल तर मी त्याला दोष देणार नाही.

अंधेरी_फास्ट

नाना _/\_ क्यूबचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. आता उड्डाणपुलाखाली सिग्नल लागला की मी वर बघणार.

पोपटराव_७७

@अंधेरी_फास्ट वर बघून काय करणार राव, गाडी तर तिथेच अडकलेली.

कोल्हापूरची_सून

धाग्यावरून थोडी घसरते, माफ करा. कुंदन शहा म्हटलं की आमच्या घरात 'नुक्कड' आणि 'वागळे की दुनिया'. लक्ष्मणांच्या कॉमन मॅनच्या जातकुळीतला वागळे, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. त्याच्या आधी 'ये जो है जिंदगी', शरद जोशींचं लिखाण, त्यात दर शुक्रवारी सतीश शहा नवीन सोंग घेऊन हजर. माझे सासरे शुक्रवारी जेवणं लवकर उरकायला लावायचे. मला वाटतं या मालिकांमुळे लोक मागे वळून 'जाने भी दो'कडे गेले. आधी सतीश शहा घरातला माणूस झाला आणि मग तो प्रेत झालेला बघून हसू आलं. सिनेमा थेटरात लागला तेव्हा त्याला ओळखतंय कोण?

गिरगावची_मावशी

सूनबाई, हे अगदी बरोबर पकडलंत. आणि सिनेमाही लोकांनी बघितला तो दूरदर्शनवरच. थेटरात पडलेला सिनेमा घरात बसून चार जणांत बघितला की त्याचं वेगळंच होतं. आमच्या मजल्यावर टीव्ही एकाच घरी, दाराबाहेर पोरं आणि बायका. डिमेलो स्केट्सवर चालायला लागला तेव्हा जो हशा उठला तो खालच्या चाळीत ऐकू गेला असेल. समीक्षकांनी काय लिहिलं ते आम्हाला माहीतही नव्हतं आणि काही अडलंही नाही.

टिपणीस_पंखा

कुणी 'सिंहासन' कसा काढला नाही अजून? १९७९, जब्बार पटेल, अरुण साधूंच्या कादंबऱ्या, पटकथा परत तेंडुलकरच. शेवटी निळूभाऊंचा दिगू टिपणीस रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. चार वर्षांनी हा सिनेमा. दोन्हीत मुंबई, दोन्हीत सत्तेचे सौदे, दोन्हीत पत्रकार. फरक बघा: दिगूला सगळं माहीत आहे, तो काही करू शकत नाही, म्हणून तो हसतो आणि आपण गप्प होतो. इथे अडीच तास आपण हसतो आणि शेवटी ते दोघं गप्प. आणि दिगू निदान प्रामाणिक होता. चार वर्षांत पत्रकारसुद्धा टोळीत सामील झाली. कुंदन शहाने प्रेक्षकाला टेकायला एकही जागा ठेवली नाही. 'सिंहासन'च्या शेवटाबद्दल मराठीत किती लिहिलं गेलं, त्याचा दहावा हिस्सा या शेवटाबद्दल वाचलेलं आठवत नाही. धागाकर्त्याचा मुद्दा मला इथे पटतो.

नागपुरी_संत्रं

टिपणीसभाऊ, हे आवडलं. पण मग मला सांगा, शेवट जर एवढा जीवघेणा आहे तर लोकांच्या डोक्यात तो का राहत नाही? दोष लोकांचाच का? महाभारताचा सीन इतका वर चढतो, मधेच अनारकली-सलीमही येऊन जातात, की त्यानंतर जे येतं ते भराभर गुंडाळल्यासारखं वाटतं. दोन-चार मिनिटांत सगळे एक होतात, पोरं आत. दिग्दर्शकाला शेवट ठसवायचा असता तर त्याने तिथे थोडा श्वास घेतला असता.

रीळवाला

भराभर होतं तेच तर मारतं रे. सौदा व्हायला वेळ लागतच नाही. अडीच तास एकमेकांच्या जिवावर उठलेले लोक एका कोपऱ्यात जातात आणि मिटवून येतात. विनोद-सुधीरला बोलायला संधीच नाही. तिथे रेंगाळला असता तर कोर्टातला सीन आला असता, भाषण आलं असतं, रडारड आली असती.

सायन_स्कायवॉक

मी मास मीडियाचं शिकतेय, शेवटच्या वर्षाला. आमच्याकडे उपहासावरच्या तासाला हा पूर्ण दाखवला. इथे सगळे मोठे आहेत म्हणून आमच्या बाजूचं सांगते.

पहिला तास वर्गात चुळबुळ होती, अर्धे फोनवर. नागपूरच्या काकांचं त्या बाबतीत बरोबर आहे. डिमेलोचं गटारावरचं भाषण आलं, अमेरिकेत पिण्याचं पाणी वेगळं आणि गटाराचं वेगळं असतं हे तो एवढा भारावून सांगतो, तिथे पहिल्यांदा सगळे मोठ्याने हसले. महाभारताला सगळ्यांनी फोन खाली ठेवले. आणि शेवट झाल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, अरे पण त्यांनी केलं काय होतं? नंतर चर्चा झाली ती अख्खी त्याच प्रश्नावर झाली, त्यांनी काही केलंच नव्हतं म्हणून तेच सापडले. २०१६ चा कोलकात्याचा उड्डाणपूल निघाला, २०१९ चा सीएसएमटीचा पादचारी पूल निघाला, त्या पुलावरून आमच्यातले दोघं रोज जायचे. विनोदावर कुणी बोललंच नाही. आमच्यापैकी कुणालाही आधी माहीत नव्हतं की हा 'कल्ट कॉमेडी' वगैरे आहे, कदाचित म्हणून असेल.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं.

मावशी, तुम्ही म्हणता हसवणं खालचं नाही. माझंही तेच म्हणणं आहे, म्हणून तर चिडलोय. विनोदी भूमिकेचं बक्षीस बासवानीला मिळालं याचं दुःख नाही, त्याचा सुधीर अफलातून आहे. दुःख हे की त्याच्या पलीकडची जागा या सिनेमासाठी उघडलीच नाही. 'विच्छा' हसून झाल्यावर लोकांनी त्याला तमाशाला मध्यमवर्गात नेणारं नाटक म्हणून मान दिला, त्यावर लिहिलं, बोललं. तसं इथे उशिरा झालं, फार उशिरा. २०१२ साली प्रिंट दुरुस्त करून थेटरात परत लावला तेव्हा, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. रवी बासवानी आणि रेणू सलुजा तोवर गेलेले होते. भक्ती बर्वेसुद्धा.

उशिराने काय बिघडतं तेही सांगतो. पहिल्याच सिनेमानंतर अशा माणसाच्या हातात आणखी चार सिनेमे यायला हवे होते. पुढचा मोठ्या पडद्यावरचा सिनेमा 'कभी हां कभी ना', तो १९९४ ला. मधली वर्षं मालिकांत गेली, चांगल्या मालिका, पण उपहासाचा एवढा मोठा हात असलेला माणूस दहा वर्षं पडद्याबाहेर होता. २०१५ ला 'पी से पीएम तक' घेऊन तो परत राजकीय उपहासाकडे आला, तो कधी लागला आणि कधी गेला कुणाला कळलं नाही. त्याच वर्षी एफटीआयआयच्या, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या मुलांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून त्याने तो जुना राष्ट्रीय पुरस्कार परत केला. ज्या एका पुरस्काराने त्याला दारात घेतलं होतं तोच. २०१७ ला गेला.

दादर_पूर्व

उशिरा आलोय. एक शंका, याला लोक 'स्वतंत्र' सिनेमा म्हणतात, पण एनएफडीसीच्या पैशातून झालेला सिनेमा 'स्वतंत्र' कसा म्हणायचा? सरकारचाच पैसा की.

रीळवाला

@दादर_पूर्व सरकारचा पैसा होता म्हणूनच तर हा होऊ शकला. बाजारातल्या कुठल्या निर्मात्याने तेव्हा प्रेताला हिरो करून, गाण्याशिवाय, हिरोईनला खलनायिका करून सिनेमा काढू दिला असता? आणि सरकारी पैशात सरकारी कमिशनरला लाचखोर दाखवून गटारात लोळवलाय. आज असं कोण पैसे देईल ते सांग.

दादर_पूर्व

हे पटलं.

स्थापत्य_नाना

सायन_स्कायवॉक, बाळा, तुझ्या वर्गातल्या त्या मुलाचा प्रश्न मला फार आवडला. पुलांच्या चौकशीत पहिला कोण सापडतो माहीत आहे? ज्याच्याकडे रजिस्टर असतं तो. सह्या करणारा ज्युनिअर. विनोद-सुधीरकडे फोटो होते म्हणून ते सापडले, एवढाच फरक.

धागाकर्त्यांना सांगायचं म्हणजे, तुम्ही पुरस्कारांचा हिशोब मांडता तो बरोबरच आहे. पण आमच्या ऑफिसात नव्वदच्या दशकात या सिनेमाची कॅसेट फिरायची, आणि काही साहेब लोकांना ती फिरलेली आवडायची नाही. जेवणाच्या सुट्टीत कुणी 'थोडा खाओ' म्हटलं की टेबलावरचे दोघं-तिघं हसायचे आणि एखादा डबा बंद करून उठून जायचा. उठणारा कोण हे सगळे बघून ठेवायचे.

गिरगावची_मावशी

नाना, हे आधी का नाही सांगितलंत! मधली_सुट्टी, बघा, ज्यांना लागायचं त्यांना बरोबर लागलं होतं.

नागपुरी_संत्रं

नानांपुढे मी काही बोलत नाही. पहिला अर्धा तास मात्र अजूनही संथच आहे :)

पोपटराव_७७

रात्री निवांत लिहितो म्हणालो होतो, पण काल रात्री निवांत बसून सिनेमाच बघितला. बायको पहिल्यांदाच बघत होती, महाभारताला डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसली. शेवटाला म्हणाली, बंद कर, मला नाही आवडला. मी म्हटलं अगं आत्ता तर हसत होतीस. तर म्हणे म्हणूनच नाही आवडला, आधी सांगायचं नाही का. मधली_सुट्टी, माझं मत तुमच्या बाजूने धरा.